रोज वस्तऱ्याने दाढी करायची तर आधी काय काय तयार हवं

दाढीनंतर मानेवर लाली चढली, पुटकुळ्या उठल्या की बहुतेक जण वस्तऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. पण पातं गालाला लागण्याआधीच निम्मं बिघडलेलं असतं. धार बोथट, खुंट कोरडे, फेस वाळलेला, आणि या सगळ्याची कसर भरून काढायला हाताचा दाब. म्हणून या यादीत वस्तरा फिरवण्याबद्दल कमी आणि त्याआधीच्या तयारीबद्दल जास्त आहे.

वस्तरा कोणता, ते आधी ठरवा. आपल्याकडे सलूनमध्ये हल्ली दिसतो तो ब्लेडचा वस्तरा. दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं खाचेत सरकवायचं, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलायचं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका टळतो, हे उत्तमच. घरी सुरुवात करायला तो स्वस्तही पडतो. पण ते ब्लेड पातळ, हलकं आणि फार तिखट असतं. कोन जरा चुकला की कातडी सोलतं. जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा अख्ख्या पात्याचा वस्तरा त्या मानाने सोशिक. त्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ किंवा ६/८ नवख्या हाताला बरं. टोक गोल असलेलाच घ्या. चौकोनी टोक नाकाखाली फार कामाचं, पण कानाच्या पाळीला ओळख देऊन जातं.

अख्ख्या पात्याचा नवा वस्तरा डबीतून काढला की लगेच दाढीलायक असतो, असं धरून चालू नका. कारखान्याची धार पुष्कळदा अपुरी असते. एकदा जाणकाराकडून दगडावर लावून घ्या. स्वतः लावणार असाल तर १००० ग्रिटपासून (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) ८००० किंवा १२००० पर्यंतचे दगड लागतात, आणि पाठ (पात्याची जाड कड) व धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवीत. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीच्या जाडीवरच बेतलेला असतो, म्हणून पाठ उचलली की सगळं गणित चुकतं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावून देणाऱ्याकडे मात्र वस्तरा चुकूनही देऊ नका. त्याच्या चाकावर पात्याचं वाटोळं होईल.

दगड काही महिन्यांतून एकदा, पण धार नीट करायचा चामड्याचा पट्टा रोज, दाढीच्या आधी. इथे घाई करणारा पुढे मानेवर भोगतो. पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरा; झोळ पडला तर धार गोल होते. पातं पूर्ण आडवं टेकवा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा. शेवटाला पोचलात की वस्तरा पाठीवर वळवा, धारेवर कधीच नाही. धारेवर वळवलात तर पट्ट्याला खाच पडते आणि धारही जाते. आधी कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच, वेग सुरुवातीला अगदी सावकाश. सलूनमधल्या जुन्या कारागिरांचा फटाफट वेग पाहून हात शिवशिवतात, आवरा. झाल्यावर पातं दंडावरच्या केसांच्या शेंड्यांवरून, कातडीपासून थोडं वर, अलगद न्या. शेंडे आवाज न करता तुटले तर धार आहे. अंगठा फिरवून धार पाहू नका.

दुसरी तयारी एकदाच करायची, पण मन लावून. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटं फिरवून केस कुठे कोणत्या दिशेला वाढतात ते पाहा. गालावर ते साधारण खाली जातात. मान मात्र बेभरवशाची. कुणाचे केस आडवे कानाकडे, कुणाचे खालून वर, कुणाला हनुवटीखाली चक्क भोवरा. चुकून उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, पडतो तो इथेच. हवं तर चेहऱ्याचं चित्र काढून बाण मारा आणि आरशाशेजारी चिकटवा. घरचे हसतील, हसू द्या.

आता सकाळची तयारी. दाढी आंघोळीनंतर करा, म्हणजे खुंट आपोआप मऊ होतात. नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. कढत पाणी नको, त्याने त्वचा आधीच लाल होते. खोलीतला पंखा बंद करा, कारण पंख्याखाली फेस भराभर वाळतो आणि वाळलेल्या फेसावर वस्तरा अडखळतो. उजेड समोरून हवा. चष्मा लागत असेल तर चेहरा मोठा दिसणारा आरसा आणून ठेवा. फरशी कोरडी करा, फोन बाहेर ठेवा, लहान मूल घरात असेल तर दाराला कडी. वस्तरा निसटला तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या.

ब्रश आधी पाण्यात भिजत ठेवा. फेसाला दाढीचाच साबण किंवा क्रीम. अंगाच्या साबणाने त्वचा कोरडी पडते. बोअरचं जड पाणी असेल तर फेस धरत नाही, तेव्हा पिण्याचं फिल्टरचं वाटीभर पाणी घ्या. फेस फेटलेल्या दह्यासारखा दाट आणि चकाकता हवा. मोठे बुडबुडे दिसले तर अजून घोटा, कोरडा वाटला तर थेंबथेंब पाणी.

पातं टेकवताना मोकळ्या हाताने कातडी ताणा, कोन अंदाजे ३० अंशांचा ठेवा, म्हणजे पाठ त्वचेपासून दीड-दोन पाठींच्या जाडीएवढी वर. पहिला हात केसांच्या दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, तोही गालापुरता. उलटा हात रोजच्या दाढीत नकोच, असं माझं स्पष्ट मत. सलूनसारखा तुळतुळीतपणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि केस कातडीच्या आत तुटले की वाढताना आतच वळतात. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास जास्त. पहिले काही आठवडे फक्त गाल वस्तऱ्याने करा, हनुवटी आणि मान नेहमीच्या रेझरने. मुरूम फुटलेला असेल किंवा कातडी सोललेली असेल त्या दिवशी ट्रिमर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

तुरटी हाताशी ठेवा, रक्त थांबवायला तर आहेच, पण त्याहून जास्त चूक शोधायला. गार पाण्याने तोंड धुऊन ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवा. जिथे चरचरेल तिथे हात जड पडला होता. रोज एकाच जागी चरचरत असेल तर तिथली दिशा पुन्हा तपासा. मिनिटभराने धुऊन टाका आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा. झोंबणारं आफ्टरशेव्ह कपाटातच राहू द्या.

मऊ कोरडं फडकं आधीच काढून ठेवा, कारण तोंडाच्या आधी वस्तरा पुसायचा. कार्बन पोलादाला गंज लवकर धरतो, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर एका रात्रीत. पुसून झाल्यावर पट्ट्यावर दोन-चार फेऱ्या, पावसाळ्यात वर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. आणि वस्तरा न्हाणीघरात नाही, खोलीतल्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या वर. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर ओढूनही केस ओढले जातायत असं वाटलं, तर दाब वाढवायचा नाही. त्या दिवशी साधा रेझर वापरायचा आणि वस्तरा दगडावर लावायला काढायचा.