ठासणीच्या बंदुकीची खाच हलवली, मागं उरलेली भोकं कशी बुजवावीत

पाटण तालुक्यात पिकाच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका अजून काही घरांत आहेत. आमच्याकडची आजोबांची, आता परवाना चुलत्यांच्या नावावर. साठीनंतर त्यांना नेम धरायची मागची खाच धूसर दिसू लागली, म्हणून ती डोळ्यापासून लांब, नळीवर थोडी पुढं बसवून घेतली. नेम जमला, पण जुन्या जागी स्क्रूची दोन भोकं उघडी राहिली.

दिसायला वाईट दिसतात हे खरं, पण खरा त्रास पावसाळ्याचा. कोयनेच्या खोऱ्यातली हवा जूनपासून चार महिने ओली. भोकात दमट हवा बसते, त्यात काळ्या दारूची काजळी गेली की ती आणखी ओल ओढते. दिवाळीला बघावं तर आटे तांबूस.

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची. त्यामुळे खालची कामं त्याच्याकडून करून घ्यायची आहेत. मग आपण हे वाचायचं कशाला? कारण घाईत असलेला कारागीर भोकात काहीही भरून देतो आणि आपण मान डोलावून घरी येतो.

बंदूक रिकामी आहे का? ठासणीच्या बंदुकीत बार वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो आणि बाहेरून काही कळत नाही. निपलवर, म्हणजे घोडा जिथं आपटतो त्या बोंडीवर, ठिणगी पाडणारी टोपी नाही हे बघा. मग तोंड आपल्यापासून आणि माणसांपासून लांब धरून गज (दारू ठासायची काठी) नळीत अलगद सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खडूची खूण करा. गज बाहेर काढून नळीशेजारी धरा. खूण तोंडाशी जुळवली की गजाचं टोक निपलच्या आसपास पोचायला हवं. चार बोटं अलीकडंच थांबलं तर आत काहीतरी आहे. उकरायला जाऊ नका, कारागिराला तसं सांगा.

भोक किती खोल? पातळ तार आत टेकवून नखानं खूण धरा आणि पट्टीवर मोजा. नळीचा बाहेरचा व्यास २६ मिमी आणि आतला १६ असेल, तर भिंत ५ मिमीची. भोक ३ मिमी असेल तर खाली २ मिमी लोखंड उरतं. नळीत उजेड सोडून भोकाखालची जागाही बघून घ्यावी. आरपार भोक दिसलं, किंवा तशी शंका जरी आली, तर इथंच थांबायचं. अशा नळीला स्क्रूचं बूच मारून बार काढणं म्हणजे तोंडाजवळ सुरुंग लावणं. बुडाजवळ तर दाब सगळ्यात जास्त असतो.

आटे ओळखणं. सगळं काम खरं तर इथंच आहे. खाच काढताना निघालेले स्क्रू टाकू नका, तोच नमुना. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांत बीए (जुनं ब्रिटिश माप), इंची, मिलीमीटर, काहीही निघतं. २ बीएचा स्क्रू ४.७ मिमी जाड, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१ मिमी, मिलीमीटर मापातल्या एम ५ चा ५ मिमी जाड, पिच ०.८. पिच इतकी जवळ की नवशिक्याला दोन्ही एकच वाटतात. जाडी मोजायला व्हर्नियर आणि पिच बघायला गेज लावायचंच. तीन मिमी खोल भोकात जेमतेम तीन-चार आटे असतात. चुकीचा स्क्रू रेटला की तेही गेले.

बूच म्हणून साध्या मऊ लोखंडाचा स्क्रू हवा. बाजारातले ॲलनचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, ॲलन चावीनं फिरवायचे) कडक असतात. कानस त्यावरून घसरते आणि शेजारची नळी खाते. कराडला लेथवर नमुन्याबरहुकूम दोन स्क्रू करून मिळतात. लेथवाल्याकडे स्क्रू न्यायचा, बंदूक नाही.

भोक रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं साफ करून ॲसिटोननं तेल काढावं. स्क्रूचं टोक सपाट आणि लांबी भोकाच्या तळापर्यंत न टेकेल अशी ठेवावी. आमचा कारागीर चुलत्यांना म्हणाला, "लई आवळू नगा, आत फोड यील नळीला." तळाशी टेकलेला स्क्रू जोरानं पिळला की खालचं पातळ लोखंड खरंच आत फुगतं. आट्यांना निळं, म्हणजे पुन्हा सुटणारं, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) एक थेंब लावून चोवीस तास ठेवावं.

वेल्डिंग नको, उष्णतेनं नळी वाकते. दोन गोळ्या मळून भरायची पुट्टीही नको. आमच्या शेजारच्या बंदुकीला कुणीतरी ती भरली होती. दोन पावसाळ्यांत कडेनं सुटली आणि खाली गंजाचा खड्डा निघाला.

वर उरलेला भाग बारीक कानशीनं, नळीच्या लांबीच्या दिशेनं काढायचा. आजूबाजूला चिकटपट्टी लावलेली असावी. पॉलिश पेपर २२०, मग ४००, मग ६००, आणि तो लाकडी पट्टीवर गुंडाळून. बोटानं घासला की त्या जागी वाटी पडते आणि तिरक्या उजेडात लगेच दिसते. नळीवरच्या नंबराच्या जवळपास कानस जाऊ देऊ नये.

एक निर्णय मात्र मालकाचा: बूच पूर्ण गुळगुळीत करायचं की पेचकसाची खाच ठेवायची? कारागीर गुळगुळीतच सुचवतात, त्यांचं कसब दिसतं. मी बारीक खाच ठेवायला लावली. पुन्हा उघडता येत नाही असं बूच मला तरी पटत नाही.

रंगासाठी थंड ब्लूइंगचं, म्हणजे न तापवता लोखंड काळपट करायचं, औषध कापसानं लावतात. विषारी असतं, हातमोजे हवेत. पाण्यानं धुऊन, कोरडं करून वर शिलाई मशीनचं तेल. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होतं. रंग पहिल्या हातात जुळत नाही. तीन-चार हात लागतात.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा झाली, तर परत आल्या दिवशीच बुचांभोवती गंजाचं कडं धरलंय का बघून तेलाचं बोट फिरवा.

काढलेली खाच आणि ते दोन जुने स्क्रू आम्ही तेलाच्या चिंधीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेत. चुलतभाऊ तिशीतला आहे. उद्या परवाना त्याच्या नावावर झाला, तर त्याच्या डोळ्याला जुनीच जागा बरी पडेल.