माशांच्या टँकमधली कार्पेट (तळावर चटईसारखी पसरणारी झाडं): पेर बघून ओळखा, मग लावा

दुकानात मिळणारं रोप बहुधा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं. पाण्यात गेल्यावर त्याची पानं बदलतात, म्हणून आधी पेर, म्हणजे खोडावर पान फुटतं ती गाठ, बघा. पेराला समोरासमोर दोन वाटोळी पानं, ३ ते ६ मिमीची, तर ते माँटे कार्लो नावाचं झाड. तशीच पण जेमतेम १-२ मिमीची, तर क्युबा. समोरासमोरच, पण चमच्यासारखी, देठाकडे निमुळती, तर ग्लॉसो. पेराला एकेकच पान, लांब देठावर आणि तीन फाकांचं, तर हायड्रोकोटाइल. मार्सिलियाचं चार पाकळ्यांचं पान पाण्याखाली पुष्कळदा एकाच पात्याचं येतं, पण कोवळं पान गुंडाळलेलं दिसलं की खात्री समजा. ब्राह्मी कुंडीत छान रांगते, पण पाण्याखाली सरळ वर चढते. कार्पेटसाठी ती घेऊ नका.

झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देणारं सिलिंडर नसेल तर मार्सिलिया घ्या. सावकाश पसरते, पण टिकते. माँटे कार्लो मंद गतीनं का होईना, तग धरू शकते. क्युबाच्या वाटेला मात्र जाऊ नये.

इंदुरात नर्मदेचं नळाचं पाणी अँटी-क्लोरीन टाकून वापरता येतं. बोरिंगच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ४०० च्या वर असेल तर निम्मं आरओचं मिसळा. मे महिन्यात टँक ३० अंशांवर गेला की सीओटू कमी विरघळतो आणि पानं विरघळू लागतात. हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर लावलेला छोटा पंखा तेव्हा चांगलं काम करतो. पावसाळी दमट हवेत तो तेवढा उपयोगी नाही. पंख्यानं उडालेलं पाणी बोरिंगचं भरत राहिलात तर क्षार साठत जातात, म्हणून ती भर आरओच्या पाण्यानंच घाला.

तळाला १-२ मिमी दाण्याची माती ४-५ सेमी हवी. जाड खडीत मुळं पकड घेत नाहीत. रोप जेल भरलेल्या कपात मिळालं असेल तर ते जेल साध्या पाण्यात पूर्ण धुऊन काढा, नाहीतर ते टँकमध्ये कुजतं. ४-५ काड्यांचे झुबके करा. चिमट्यानं तिरके खुपसा, वरची पानं तेवढी बाहेर राहू द्या, आणि दोन झुबक्यांत २-३ सेमी अंतर ठेवा. वरवर टेकवलेला झुबका पाणी भरताच तरंगतो. पाणी बशीवरून हळूहळू सोडा.

पहिले दोन आठवडे जुनी पानं पारदर्शक होऊन गळतात. घाबरून उपटू नका; कुजलेलं तेवढं काढा आणि आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी बदला. दिवा सुरुवातीला सहाच तास. दहा तास लावला तर झाडाआधी शेवाळ वाढतं. गोल्डफिश असेल तर हा सगळा खटाटोप फुकट, तो तळ उकरतोच.

जाडी ३ सेमी झाली की निम्म्यावर कापा. खालच्या थराला उजेड मिळाला नाही तर खोडं पिवळी पडून कुजतात आणि अख्खी चटई तळापासून सुटते. कापताना फिल्टर बंद ठेवा आणि तुकडे जाळीनं गोळा करा. त्यातलेच निरोगी तुकडे रिकाम्या जागी लावता येतात.