यकृताजवळ किरणोपचार घेताना आणि त्यानंतर घ्यायची काळजी

जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका किंवा उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग यांच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना यकृताचा काही भाग बहुधा किरणांच्या वाटेत येतो. त्यामुळे उपचार ठरतानाच हेपॅटायटिस बी आणि सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या करून घ्याव्यात. बी विषाणू अंगात दबून असेल तर तो किरणोपचाराने पुन्हा उसळू शकतो आणि त्यावरचे औषध आधीपासून सुरू ठेवता येते. निरोगी यकृताला सरासरी किती ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळणार, हेही डॉक्टरांना अवश्य विचारावे. रोजच्या लहान मात्रांच्या पद्धतीत ही सरासरी साधारण ३० ग्रेच्या आत ठेवतात. सिऱ्हॉसिस (यकृत घट्ट व व्रणयुक्त होण्याचा जुना आजार) असल्यास मर्यादा त्याहून खाली आणावी लागते. श्वासागणिक यकृत वरखाली सरकते, म्हणून श्वास रोखण्याचा सराव सांगितला असेल तर तो मनापासून करावा.

खरी जागरूकता हवी ती उपचार संपल्यावर, आणि नेमके तेव्हाच घरचे सगळे निर्धास्त होतात. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटले आणि ते नीट सांधले गेले नाहीत, की पी५३ व पी२१ ही प्रथिने पेशीचे विभाजन थांबवतात. अशी पेशी लगेच मरत नाही, तर वृद्ध होऊन तिथेच राहते आणि दाह वाढवणारी व तंतू साचवणारी द्रव्ये सोडत राहते, ज्यांमुळे शेजारच्या पेशीही अकाली म्हाताऱ्या होतात. दुसरीकडे यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात आणि यकृत सुजते. हे सारे सहसा दोन आठवडे ते चार महिन्यांत दिसू लागते.

या काळात रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, वजन करावे. बेंबीच्या पातळीवर टेपने पोटाचा घेर मोजून वहीत लिहावा. जेवण कमी होऊनही वजन वाढत असेल तर पोटात पाणी साचत असल्याची शंका घ्यावी आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. डोळे पिवळे नाहीत म्हणून मुळीच निश्चिंत राहू नये, कारण किरणांमुळे होणाऱ्या या यकृतविकारात बिलिरुबिन (कावीळ आणणारे रक्तातले पिवळे द्रव्य) अनेकदा जवळपास ठीक असते आणि अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताच्या रक्ततपासणीत मोजले जाणारे विकर) मात्र सामान्य मर्यादेच्या दुपटीहून वाढलेले असते. मद्य पूर्ण बंद ठेवावे, आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक किंवा जडीबुटी घेऊ नये. वृद्ध पेशी काढून टाकणारी औषधे अजून संशोधनातच आहेत. त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून दूर राहावे.

पुढे कधीही सीटी किंवा एमआरआय काढताना किरणोपचाराची तारीख आणि जागा लेखी द्यावी, कारण किरण लागलेला भाग चित्रात नव्या गाठीसारखा भासू शकतो.