रेग्युलेटरच्या होजवर स्विव्हल आणि क्विक डिस्कनेक्ट कसे वापरावेत

स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याखाली पाऊण तास झाला की अनेकांचा जबडा दुखायला लागतो. दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासाजोग्या दाबाने देणाऱ्या उपकरणाचा) नसतो, होजचा (हवेच्या लवचिक नळीचा) असतो. उजव्या खांद्यावरून येणारा होज तोंडाशी वळतो आणि सेकंड स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागाला, सतत एका बाजूला ओढत राहतो. आपण नकळत माउथपीस दातांत आवळून धरतो. अशा वेळी होज आणि सेकंड स्टेजच्या मध्ये स्विव्हल, म्हणजे फिरणारा सांधा, लावावासा वाटतो, आणि योग्य ठिकाणी लावला तर त्याचा खरंच उपयोग होतो. पण होजवर वाढवलेला प्रत्येक सांधा म्हणजे आणखी एक ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), आणि प्रत्येक ओ-रिंग कधी ना कधी गळतेच. म्हणून सांधा लावण्याआधी तो तपासायला आणि गरज पडली तर सोडवायला शिका.

आधी आहे तो सेट नीट बघा

फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, सिलिंडरमधला 200 बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त इतकाच ठेवतो. सेकंड स्टेज, ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) आणि बीसीडीचा (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटचा) इन्फ्लेटर म्हणजे हवा भरायचं बटण, या सगळ्यांकडे हीच हवा जाते. सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या होजमध्ये मात्र सिलिंडरचा पूर्ण दाब असतो. गेज जिथे फिरतो तिथे आत एक बारीक पोकळ पिन असते आणि तिच्या दोन टोकांना दोन इवल्याशा ओ-रिंग. गेजच्या मानेतून बुडबुड्यांची बारीक माळ दिसली तर बहुधा यांतलीच एक गेलेली असते. होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला सुईएवढंच छिद्र असतं, त्यामुळे हवा हळूच जाते आणि घाबरायचं कारण नसतं. पण बोटीवरच हे दिसलं तर डाइव्ह सुरू करू नका. दाब असताना गेज उगीच फिरवतही बसू नका, त्याने याच ओ-रिंग झिजतात.

जबडा दुखत असेल तर आधी होजची लांबी बदलून बघा. साधारण 1 मीटरचा होज उजव्या काखेखालून घेतला आणि सेकंड स्टेजवर न फिरणारा एल्बो (कोपरासारखा वळलेला सांधा) लावला की बऱ्याच जणांची ओढ तिथेच थांबते. न फिरणाऱ्या एल्बोमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं, म्हणून माझी पहिली पसंती त्यालाच. मात्र बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, हवा देताना तुम्ही हाच रेग्युलेटर देत असाल, तर किनाऱ्यावर समोरासमोर उभे राहून एकदा देऊन बघा. एल्बोमुळे होज घेणाऱ्याच्या तोंडाशी उलटा वळू शकतो.

स्विव्हल बसवताना

सिलिंडर बंद करा आणि सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण (हवा सोडायचं बटण) दाबून होज पूर्ण रिकामा करा. गेजचा काटा शून्यावर आला याची खात्री करा. दाब असलेल्या होजला पाना लावायचा नाही.

दोन पाने घ्या. एकाने सेकंड स्टेजच्या तोंडाचा भाग स्थिर धरा आणि दुसऱ्याने होजचा नट सोडवा. एकाच पान्याने जोर लावला तर सेकंड स्टेजची आतली नळी फिरते आणि श्वासाची सेटिंग बिघडते. घाईत नेमकी हीच चूक होते.

ओ-रिंग नखाने हलकेच फिरवून बघा. चीर, चपटेपणा किंवा वाळूचा कण दिसला तर ती बदला. सिलिकॉन ग्रीस इतकंच लावा की ओ-रिंग चमकेल, गोळा कुठेही राहणार नाही. 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरत असाल तर साधं सिलिकॉन चालत नाही, ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस लागतं.

आटे बोटांनीच धरायला लावा. अडकल्यासारखं वाटलं तर मागे फिरवून पुन्हा सुरुवात करा. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने किंचितच घट्ट करा. हवा अडवण्याचं काम ओ-रिंग करते, जोर नाही.

स्विव्हल बॉलचा असेल तर आतला गोळा एका चकतीने किंवा स्क्रूने जागेवर धरलेला असतो. ती चकती हळूहळू सैल झाली की हवा भसाभस सुटते. मी चकती आणि बॉडी यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढून ठेवते. प्रत्येक डाइव्हआधी ती रेघ बघायची. जुळत नसेल तर तो स्विव्हल त्या दिवशी पाण्यात जात नाही.

शेवटी सिलिंडर सावकाश उघडा, बादलीभर पाण्यात सांधा बुडवा आणि चारी दिशांना फिरवा. स्थिर असताना कोरडा राहणारा स्विव्हल पुष्कळदा फिरवतानाच बुडबुडे सोडतो.

क्विक डिस्कनेक्ट बोटांच्या सवयीचा करा

क्विक डिस्कनेक्ट म्हणजे इन्फ्लेटरला होज पान्याशिवाय झटकन जोडायचा-काढायचा सांधा. इन्फ्लेटरचा होज सिलिंडर उघडण्याआधीच जोडा, दाब आल्यावर जोर लागतो. खरबरीत कॉलर मागे ओढा, इन्फ्लेटरच्या निपलवर (छोट्या टोकावर) ढकला, कॉलर सोडा, आणि मग होज ओढून बघा. होजच्या आत श्रेडर व्हॉल्व्ह (टायरमधल्यासारखी स्प्रिंगची झडप) असतो, त्यामुळे होज काढला की हवा आपोआप बंद होते. काढलेल्या टोकातून सूं आवाज येत असेल तर आतला व्हॉल्व्ह सैल आहे. तो घट्ट करता येतो, पण त्याच्या जागी टायरमधला व्हॉल्व्ह बसवू नका.

हा सांधा पाण्याखाली काढता येणं तुमच्या सुरक्षिततेसाठी फार महत्त्वाचं आहे. मालवणला एका डाइव्हमध्ये माझ्या शेजारच्या मुलीचं इन्फ्लेटरचं बटण मिठाने अडकलं आणि बीसीडी आपोआप फुगू लागलं. ती बटणावर पुन्हा पुन्हा अंगठा मारत राहिली, होज काढायचं तिला सुचलंच नाही. मी जाऊन कॉलर ओढली तोवर आम्ही दोघी 2 मीटर वर आलो होतो. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत बीसीडीतली हवा दुप्पट जागा व्यापते, म्हणून अशा वेळी सेकंदांना किंमत असते. एका हाताने बीसीडीतली हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह उघडा आणि दुसऱ्याने होज काढा. पुढे तोंडाने फुंकून बीसीडी भरता येतं. उथळ पाण्यात डोळे मिटून हे दहा वेळा करा.

श्वास घेण्याच्या होजवर मात्र हा साधा डिस्कनेक्ट कधीही लावू नका. त्यातून बीसीडी भरण्यापुरतीच हवा जाते, खोलवर धापा टाकणाऱ्या माणसाला ती पुरत नाही. इन्फ्लेटरमध्येच दुसरा रेग्युलेटर असलेल्या सेटना जास्त हवेचं वेगळं कप्लिंग असतं ते याचसाठी. शिवाय फर्स्ट स्टेज बिघडून होजमधला दाब वाढला तर सेकंड स्टेज सहसा उघडून तो सोडून देतो. सेट दाबाखाली असताना सगळेच सेकंड स्टेज होजपासून काढले, तर त्या दाबाला वाट राहत नाही आणि होज फुटू शकतो. तशी मांडणी करायचीच असेल तर फर्स्ट स्टेजवर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवा.

डाइव्हनंतर

गोड्या पाण्यात कॉलर आठ-दहा वेळा मागेपुढे करा. तारकर्लीची बारीक वाळू नेमकी तिच्याखाली जाऊन बसते. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं आणि सेट महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतो, तेव्हा कॉलरखालचं मीठ हिरवं पडून चिकटतं. होज मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवा, आणि कॉलर चिकटू नये म्हणून पंधरा दिवसांनी एकदा कपाट उघडून कॉलर नुसती मागेपुढे करा.