आजीची गोष्ट रेकॉर्ड करताना

ऐकणारं पोर समोर नसेल तर आजी गोष्ट सांगत नाही, गोष्टीत काय होतं तेवढं सांगते. फोनकडे बघून सांगितलेली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट दोन मिनिटांत संपते. नातवंड मांडीशी असलं की तीच म्हातारी वाघाशी वेगळ्या आवाजात बोलते, कोल्ह्याशी वेगळ्या, आणि 'मग?' ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून आधी श्रोता शोधा. घरात मूल नसेल तर मोठ्यांपैकी एकानेच हुंकार द्यावा, बाकीच्यांनी गप्प बसावं.

वेळ दुपारच्या चहानंतरची. पंखा बंद, कुकर आधीच उतरवलेला. फोन एअरप्लेन मोडवर टाकून आजीपासून दोन वितींवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टीपॉयवर ठेवला तर कपबशीचा ठोका तिच्या आवाजापेक्षा मोठा येतो. माइक बहुतेक फोनच्या खालच्या कडेला असतो, ती कड तिच्याकडे. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच सुरुवात. पाऊण तास पुरे.

'लहानपण कसं होतं?' या प्रश्नाला 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा कागदावर जुन्या घराचा नकाशा काढायला बसा. ओटी कुठे, माजघर कुठे, परसातली विहीर कुठल्या बाजूला? रात्री कोण कुठे झोपायचं? कुठल्या कोपऱ्यात भूत आहे म्हणून पोरांना घाबरवायचे, कुठली पायरी खेळताना आगगाडी व्हायची? रेघ चुकली की आजी पेन्सिल हिसकावून घेते, आणि खरं सांगणं तिथून सुरू होतं.

साल विचारू नका, प्रसंग विचारा. पुण्याकडे पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), दुष्काळी भागात १९७२. 'तेव्हा कडेवर कोण होतं?' एवढ्यावरून वय काढता येतं. दुष्काळाबद्दल थेट विचारण्याऐवजी सुकडीचा (तेव्हा दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं खाणं) विषय काढून पाहा.

ओव्या नुसतं बसून आठवत नाहीत. जातं असेल तर खुंटा हातात द्या, नाहीतर निदान तांदूळ निवडायला द्या.

सांगताना दुरुस्ती करू नये. एकीच्या गोष्टीत म्हातारी लेकीकडे तूप-रोटी खाते, दुसरीच्या गोष्टीत साय-साखर, दोन्ही ठेवा. पण आजी आणि मावशी यांना एकत्र बसवू नका, मोठा आवाज असेल तिचीच गोष्ट उरते. लिहून काढताना 'व्हतं' हे 'व्हतं'च राहू द्या. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला तासभर सहज लागतो.

'हे कुणाला सांगू नको' म्हणाली असेल तो भाग कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्या प्रतीतून कापा. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावात तारीख, सांगणारी आणि गाव हवं. एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवा; नकाशाच्या कागदाचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये.