कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट : तुलना कशी करावी

आधी कादंबरी पूर्ण वाचावी, मगच चित्रपट पाहावा. उलट क्रमाने गेल्यास पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात आणि ते सहसा सुटत नाहीत. काय गाळले याची नुसती यादी करणे म्हणजे तुलना नव्हे, कारण दोनअडीच तासांत काटछाट अटळच असते. त्यापेक्षा बदललेला एखादाच प्रसंग निवडून त्या बदलाने काय साधले, हे तपासावे.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या बंगाली कादंबरीत (१९२९) म्हातारी इंदिर ठाकरुण सुरुवातीच्या भागातच मरते. सत्यजित राय यांनी मात्र १९५५ च्या चित्रपटात तिला कथेतला मुलगा अपू शाळकरी वयाचा होईपर्यंत जिवंत ठेवले, आणि रेल्वे पाहून हरखलेला अपू आणि त्याची बहीण दुर्गा परतताना त्यांना ती बांबूच्या बनात मृतावस्थेत सापडते, अशी रचना केली. आनंद आणि मृत्यू असे शेजारी आल्याने काय घडते, हे लिहिताना मूळ परिच्छेद समोर ठेवावा आणि दृश्य किमान दोनदा पाहावे, त्यातही एकदा आवाज बंद करून. निवेदकाच्या मनोगताचे काय झाले, हेही पाहावे. कॅमेरा, संगीत किंवा निव्वळ शांतता यांपैकी कोणीतरी ते काम उचललेले असते. 'मूळाशी प्रामाणिक' हा शेरा मात्र मी टाळतो, कारण त्यातून फारसे काही कळत नाही.