लहान चमूसाठी पहिली सीआय-सीडी पाइपलाइन

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये राहून सॉफ्टवेअर तयार करणारा चमू बहुधा दोन-चार जणांचा असतो आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याचे काम त्यांतल्या एकालाच नीट माहीत असते. तो लग्नकार्याला गावी गेला, की दुरुस्ती तयार असूनही ग्राहकाला थांबावे लागते. हे काम एकाच्या डोक्यातून काढून सर्वांना वाचता येईल अशा फाइलमध्ये उतरवणे हाच लहान चमूसाठी पाइपलाइनचा, म्हणजे ही कामे क्रमाने आपोआप करणाऱ्या साखळीचा, सर्वांत मोठा लाभ आहे, असे माझे मत आहे.

सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) म्हणजे प्रत्येकाने आपला कोड दिवसातून किमान एकदा मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सर्वांच्या सामाईक प्रतीत, मिसळणे आणि दर वेळी बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करणे) व टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) यंत्राकडून चालवून घेणे. सीडी म्हणजे तयार आवृत्ती सर्व्हरपर्यंत पोहोचवणे; तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नवी आवृत्ती सर्व्हरवर चढण्यास कायम तयार असते, मात्र शेवटचे बटण माणूस दाबतो. दुसऱ्या प्रकारात टेस्ट उत्तीर्ण होताच ती आपोआप चढते. सुरुवात पहिल्या प्रकारानेच करावी.

कोणतेही साधन निवडण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. कोऱ्या संगणकावर गिटमधून (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) प्रकल्प उतरवून घ्यावा आणि एकाच आदेशाने तो बिल्ड होऊन त्याच्या टेस्ट चालतात का, हे पाहावे. बहुतेक प्रकल्प इथेच अडतात. एखादी लायब्ररी कोणीतरी हाताने बसवलेली असते, डेटाबेसमधला एखादा रकाना फक्त एका लॅपटॉपवर असतो किंवा पायथनची आवृत्ती प्रत्येकाकडे वेगळी असते. लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल आणि डेटाबेसमधील बदलांच्या स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवाव्यात. हे झाले नसेल, तर पाइपलाइन पहिल्या दिवसापासून लाल (म्हणजे अनुत्तीर्ण) राहील आणि तिच्याकडे पाहणे सर्व जण सोडून देतील.

टेस्ट थोड्या असल्या तरी चालतील, पण जिथे चुकले तर पैसा जातो तिथे त्या असाव्यात. समजा, रावेर-यावल भागातील केळी व्यापाऱ्यासाठी खरेदीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. वजन १२ क्विंटल ५ किलो आणि भाव क्विंटलला १५०० रुपये असेल, तर रक्कम १८,०७५ रुपये व्हायला हवी. क्विंटल आणि किलोचे आकडे नुसते दशांशचिन्हाने जोडणाऱ्या कोडला हेच वजन १२.५ क्विंटल दिसते आणि पट्टीवर १८,७५० रुपये छापले जातात. एका पट्टीमागे ६७५ रुपयांचा हा फरक चाचणीच्या वेळी सहज निसटतो, कारण १२ क्विंटल ४० किलोचे उदाहरण घेतले तर दोन्ही पद्धतींनी उत्तर १८,६०० असेच येते. म्हणून पहिली टेस्ट ५ किलोची लिहावी, ४० किलोची नव्हे.

साधनाच्या निवडीत फार वेळ घालवू नये. गिटहब आणि गिटलॅब या गिटमधला कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या सेवा आहेत. कोड गिटहबवर असेल तर गिटहब अ‍ॅक्शन्स हे तिचे पाइपलाइनचे साधन, गिटलॅबवर असेल तर गिटलॅबचे स्वतःचे सीआय घ्यावे. जेनकिन्स हे जुने, भक्कम आणि मुक्त साधन आहे; पण त्याचा सर्व्हर आणि प्लगइन आपल्यालाच सांभाळावे लागतात, त्यामुळे दोन-चार जणांच्या चमूला मी ते सुचवणार नाही. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी प्रकल्पांसाठी पाइपलाइन चालवायला महिन्याला २,००० मिनिटे मिळतात आणि लहान चमूला ती सहसा पुरतात.

गिटहबवर पाइपलाइन म्हणजे प्रकल्पातील ‘.गिटहब’ या फोल्डरमधील ‘वर्कफ्लोज’ फोल्डरमध्ये ठेवलेली एक यॅमल (साध्या मजकुरात सूचना लिहिण्याची पद्धत) फाइल असते. पुश (कोड गिटहबवर पाठवणे) आणि पुल रिक्वेस्ट (तो मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याची विनंती) या दोन्ही घटनांवर ती चालावी, असे तिच्यात नमूद करावे. त्यानंतर कोड उतरवणे, भाषेची ठरलेली आवृत्ती बसवणे, लायब्ररी बसवणे, टेस्ट चालवणे आणि बिल्ड करणे हे टप्पे याच क्रमाने लिहावेत. यॅमलमध्ये टॅब चालत नाही. ओळी आत सरकवण्यासाठी स्पेसच वापरावी लागते. जॉबला, म्हणजे या टप्प्यांच्या एका फेरीला, वेळेची मर्यादाही घालावी. ती न घातल्यास अडकलेला जॉब ३६० मिनिटांपर्यंत चालू राहतो आणि महिन्याच्या मोफत मिनिटांचा मोठा वाटा एका दुपारीत संपतो. लहान प्रकल्पाला १५ मिनिटे पुरेशी आहेत.

टेस्ट अनुत्तीर्ण असताना कोड मुख्य ब्रँचमध्ये मिसळला (मर्ज) जाऊ नये, यासाठी मुख्य ब्रँच संरक्षित करता येते. गिटहबच्या मोफत योजनेत ही सोय खासगी प्रकल्पांना नाही. तिथे चमूने आपसात ठरवून हा नियम कसोशीने पाळावा.

काही टेस्ट लॅपटॉपवर उत्तीर्ण होतात आणि पाइपलाइनमध्ये पडतात. त्याचे एक नेहमीचे कारण घड्याळ हे असते. गिटहबच्या यंत्रांचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वी नोंदवलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. अशी टेस्ट वगळण्याचा मोह होतो, तो टाळावा. ग्राहकाचा सर्व्हरही यूटीसीवर असेल, तर हीच चूक खऱ्या पावतीवर होणार आहे. कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ हे वेळक्षेत्र स्पष्टपणे लिहावे.

सर्व्हरचा पासवर्ड किंवा ‘की’ (प्रवेशाची डिजिटल किल्ली) कोडमध्ये कधीही लिहू नये. नंतरच्या कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या नोंदीत) ती ओळ पुसली, तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. असे झाले असेल, तर ती की रद्द करून नवी तयार करणे एवढाच उपाय उरतो. या गोष्टी साधनाच्या ‘सिक्रेट्स’ विभागात ठेवाव्यात आणि डिप्लॉयसाठी (नवी आवृत्ती चढवण्यासाठी) सर्व्हरवर मोजकेच अधिकार असलेला स्वतंत्र यूजर तयार करावा.

आता डिप्लॉय. हाताने केलेले डिप्लॉय किती महागात पडू शकते, हे अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवले. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला, तिथला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या घरात नुकसान झाले. यंत्राला दिलेली सर्व्हरची यादी पूर्ण असेल, तर ते एखादा सर्व्हर विसरत नाही आणि एखाद्यावर डिप्लॉय फसले, तर लाल खूण दाखवून थांबते.

बिल्ड एकदाच करावा आणि तोच आधी चाचणीच्या व मग ग्राहकाच्या सर्व्हरवर न्यावा. दोन्हीकडे वेगवेगळा बिल्ड केल्यास तपासली एक वस्तू आणि दिली दुसरी, असे होते. सर्व्हरवर प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर द्यावे आणि चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारा एक दुवा ठेवावा. नवी आवृत्ती म्हणजे तो दुवा पुढे सरकवणे आणि रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतणे) म्हणजे तो मागे नेणे. दुवा बदलल्यावर पाइपलाइनने एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवून अपेक्षित उत्तर येते का, हे तपासावे आणि न आल्यास स्वतःच मागे फिरावे.

डेटाबेस मात्र असा मागे फिरत नाही. त्यामुळे नवा रकाना एका आवृत्तीत जोडावा, कोडने तो वापरायला लागावे आणि जुना रकाना नंतरच्या एखाद्या आवृत्तीत काढावा, म्हणजे मधल्या काळात जुना कोडही चालू शकतो. ग्राहकाच्या सर्व्हरवर पहिले डिप्लॉय करण्याआधी चाचणीच्या सर्व्हरवर रोलबॅकची रंगीत तालीम करावी, आणि ती नेहमी डिप्लॉय करणाऱ्या व्यक्तीने न करता चमूतील दुसऱ्या कोणीतरी फक्त फाइल वाचून करावी.